देवी पायात का उतरत नाही?

बोडीटोल्याच्या तलावाच्या पाळीवर त्या मंगळवारी चारेकशे माणसं गोळा झाली होती. आरमोरीहून ट्रॅक्टर भरून आला होता, कुरखेड्याकडची मंडळी सायकलींवर डबलसीट आली होती, आणि एका म्हाताऱ्याला तर बाजेवर घालून आणलं होतं. मधोमध तीन दगडांची चूल, चुलीवर लग्नकार्यातली मोठी कढई, कढईत जवसाचं तेल आणि तेलात उडदाचे वडे. कढईमागे पाटावर अठ्ठावीस वर्षांची एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मोकळे केस. झारा नव्हताच. ती शेजारच्या गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, पाण्यात हात बुडवायची, मग तोच हात तेलात घालायची, वडा काढायची आणि परडीत टाकायची. घाई नाही, तोंडावर आठी नाही. बाजारात बसून मासे निवडावेत तशी.

असे सात वडे निघाले. प्रत्येक वड्याला गर्दीतून हुंकार उठत होता.

बाजूला भगवी लुंगी नेसलेला लटारू महाराज हातात मायक्रोफोन घेऊन बोलत होता. "पाहून घ्या, भाऊ, पाहून घ्या. हे तेल हाय, पाणी नाई. ही अग्नीमाय हाय, बाई नाई. डॉक्टरची सुई आंगात जाते, मायचा वडा आत्म्यात जाते. मूळव्याध, मूलबाळ, मुकदमा, सबका इलाज एकच. अन् सायन्सवाले म्हणत असन का हे कसं होते, तर त्याईले विचारा, सायन्स मंजे काय? बल्ब. फुटला का अंधार."

लोक हसले आणि लगेच हातही जोडले. लटारूचं कसब यातच होतं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो आरमोरीला सायकलचे पंक्चर काढायचा. मग सर्पदंशाची मुळी विकू लागला. त्यानंतर कढईच्या तळाशी लिंबाचा रस ओतून, वर तेलाचा थर देऊन, "उकळत्या तेलात" स्वतःचा हात घालून दाखवू लागला. लिंबाचा रस लवकर उकळतो, त्याचे बुडबुडे वर येतात आणि तेल तापायच्या आधीच ते खदखदल्यासारखं दिसतं. हा खेळ मला माहीत होता. म्हणून मी त्या दिवशी पुढे घुसलो आणि कढईत डोकावलो. लिंबू नव्हतं. तेल खरंच तापलेलं होतं. वडे तांबूस होऊन निघत होते.

मी वारलू कुमरे. तेव्हा, म्हणजे १९९९ साली, तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. गावोगाव सायकलने फिरायचं, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे, गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. चमत्कारावर माझा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी मला चमत्काराचं उत्तर सापडलं असं वाटलं, आणि तिथेच मी चुकलो.

झालं असं की तिने सातवा वडा परडीत टाकला तेव्हा मला तिचा पंजा जवळून दिसला. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसून गेला होता. करंगळी वाकलेली होती. मनगटावर जुन्या भाजण्याचे दोन डाग होते. असे हात मी रोज पाहत होतो. कुष्ठरोगात नसा मरतात, हाताला ऊन-थंड कळेनासं होतं, माणूस भाजतो आणि त्याला समजतही नाही. मनात म्हटलं, झालं, पकडलं लटारूला.

तिचं नाव गोकुळा. ढिवराच्या घरची. नवरा भूपेश तलावात जाळं टाकायचा, ती आरमोरीच्या बाजारात मासे विकायची. सासू सुगंधाबाई, आणि सहा वर्षांची मुलगी रिंकू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चुलीतलं जळतं लाकूड गोकुळा उघड्या हाताने उचलते, हे सुगंधाबाईने जेठ महिन्यात पाहिलं होतं. ही गोष्ट लटारूच्या कानावर गेली आणि अग्नीमाय जन्माला आली.

अंगणात सगळ्यांसमोर मी तिचा हळदीच्या फडक्यात गुंडाळलेला पंजा हातात घेतला, फडका न सोडताच उलटसुलट केला आणि भूपेशला म्हणालो, "भूपेशभाऊ, मले कुष्ठरोगाची शंका हाय."

तपासणीची पेटी मी अजून उघडलीही नव्हती. शेजारणी कुडाजवळ उभ्या होत्या. दुपारपर्यंत गावात एकच शब्द फिरत होता, महारोग.

संध्याकाळी लटारूने पाळीवर उभं राहून आवाज चढवला. "ऐका, हा कुमरे आपल्या मायले महारोगी म्हणून राह्यला. तुमाले देवी पायजे का महारोग? बोला."

लोकांपुढे दोनच वाटा ठेवल्या तर ते कोणती धरणार होते? मीच लटारूचं काम सोपं केलं होतं. दोन-चार तरुणांनी माझी सायकल पाळीखाली ढकलून दिली आणि पुन्हा गावात पाय टाकू नको म्हणून सांगितलं.

केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टर रुपाली होत्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी मला नीट फैलावर घेतलं.

"चट्टा होता?"

"नाही पाहिला."

"कोपरामागची नस जाड लागली?"

"हात लावला नाही."

"मग कुष्ठरोग कुठून काढलात, कुमरे? तिच्या हातातून की तुमच्या डोक्यातून?"

चार दिवसांनी आम्ही दोघं केंद्राच्या जीपने बोडीटोल्याला गेलो. डॉक्टरबाईंना अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. मी आधी सुगंधाबाईची माफी मागितली. तिने बाज पुढे सरकवली. या वेळी कुडाचं फाटक लावून, सासूला शेजारी बसवून तपासणी झाली.

डॉक्टरांनी गोकुळाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा फडक्याबाहेर आलेल्या तिच्या बोटांवरून फिरवला. "लागलं," गोकुळा म्हणाली. मनगट, कोपर, खांदा. प्रत्येक वेळी अचूक, "लागलं." मग दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत माठातलं. त्या आळीपाळीने त्याच हाताला लावल्या.

"हे कसं आहे?"

"थंड."

"आणि हे?"

"तेही थंडच हाय, बाई."

टाचणीचं टोक आणि टाचणीचा माथा यांतला फरकही तिला सांगता येईना. दोन्ही हात, दोन्ही खांदे, गळ्याखालचा भाग, जणू अंगावर लांब बाह्यांचा झंपर चढवावा तेवढ्याच जागेत ऊन आणि दुखणं हरवलं होतं. पोटावर, पायावर सगळं शाबूत. चट्टा एकही नाही. नसाही जाड नाहीत.

मी माझ्या उभ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. स्पर्श कळतो, पण विस्तव कळत नाही.

"खोकलं की डोकं दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

गोकुळा चपापली. "तुमाले कोणं सांगतलं? मांगून कवटी फुटते असं वाटते. खोकलं तरी, शिंकलं तरी. हसलं तरी दुखते, म्हणून मी हसतच नाई."

"कधीपासून?"

"रिंकू झाली तवापासून."

डॉक्टरांनी हाताला गुंडाळलेला हळदीचा फडका सोडायला सांगितला. गोकुळाने हात मागे घेतला. सुगंधाबाईनेच तो पुढे ओढला. फडक्याखाली पंजाभर फोड होते. काही फुटलेले, काही पाण्याने टम्म भरलेले. तेलाने देवीलाही सोडलं नव्हतं. आधी पाण्यात बुडवलेल्या हाताभोवती क्षणभर वाफेचा पापुद्रा धरतो, म्हणून हाड दिसण्याची वेळ आली नव्हती, एवढंच. लटारू दर मंगळवारनंतर तिला सहा दिवस "पडद्यात" का ठेवायचा, हे तेव्हा कळलं.

"आजार मानेत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नागपूरला जाऊन फोटो काढावा लागेल. असंच चालू राहिलं तर हात निकामी होतील. कदाचित पायही."

गोकुळाने फडका पुन्हा गुंडाळायला घेतला. तिची बोटं गाठ मारू शकत नव्हती, सासूने मारून दिली.

"बाई," ती म्हणाली, "तुमी चांगल्या हा. पण एक सांगू का? मागच्या वर्षी माह्याच्यानं पाण्याची गुंडी पडली, गंज पडला, मासोळीची टोपली पडली. घरचे म्हणत, हिच्या हातात काई टिकत नाई. मार खाल्ला मी. आता तेच हात लोक डोक्याले लावतेत. हा नवरा मले विचारून बाहेर जाते. तुमी माही देवी घेऊन जासान अन् देसान काय? रोग."

भूपेश मान खाली घालून बसला होता. डॉक्टरांनी पेटी बंद केली.

आम्ही परतलो. लटारूने जाहीर करून टाकलं की दिवाळीनंतरच्या मंडईत अग्नीमाय दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात घालील. मंडई म्हणजे झाडीपट्टीतल्या प्रत्येक गावाचा वर्षाचा सण, लेकी-जावई येतात, पाहुणेरावळे येतात, दिवसा दंडार, म्हणजे नाच-सोंगांचा खेळ, चालते. गर्दी कितीतरी पट होणार होती.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी भूपेश सायकलवर केंद्रात आला. पुढे नळीवर रिंकू, ओल्या पातळात गुंडाळलेली. मागून गोकुळा पळत येत होती, अनवाणी, सात किलोमीटर.

मुलीची पाठ भाजली होती. मानेपासून कमरेपर्यंत लाल, दोन ठिकाणी कातडी निघालेली. गोकुळाने तिला न्हाऊ घालायला पाणी काढलं होतं. हात घालून पाहिलं, कोमट वाटलं, आणि गुंडीभर पाणी पोरीच्या पाठीवर ओतलं.

रिंकू रडून रडून घोगरी झाली होती. डॉक्टर जखम धुवत होत्या आणि गोकुळा भिंतीला टेकून स्वतःच्या दोन्ही पंजांकडे पाहत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"कुमरेभाऊ, महाराज आला होता घरी. पोरीले पाहून म्हणे, भिऊ नको, माय आता पोरीत उतरून राह्यली, मंडईत हिलेही बसवू पाटावर." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नागपूरची गाडी किती वाजता हाय?"

रिंकूची पाठ आठवड्यात सुकली. तिला सासूच्या स्वाधीन करून गोकुळा, भूपेश आणि मी नागपूरला गेलो. गोल बोगद्यासारख्या मशीनमध्ये तिला अर्धा तास निजवलं. मग तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून आम्हाला दाखवली.

कण्यातून मेंदूची एक दोरी खाली जाते, सगळ्या अंगाच्या तारा तिच्यात असतात. गोकुळाच्या मानेत त्या दोरीच्या पोटात पाण्याची लांबट पोकळी झाली होती. ऊन-थंड आणि वेदना यांच्या तारा दोरीच्या मधोमध एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात. पाण्याने नेमक्या तिथेच त्या तोडल्या होत्या. स्पर्शाच्या तारा मागच्या कडेने जातात, म्हणून त्या वाचल्या होत्या. पोकळी मानेतच होती, म्हणून फटका हातांना आणि खांद्यांना बसला होता, पाय सुटले होते. मेंदूचा खालचा तुकडा जन्मापासूनच थोडा खाली घसरलेला होता आणि कवटीच्या तळाशी बूच बसावं तसा बसला होता. त्यामुळे मेंदूभोवतीचं पाणी मोकळं वाहत नव्हतं. रोगाचं नाव सिरिंगोमायेलिया. ते माझ्या तोंडात बसायला आठवडा लागला.

गोकुळाने फिल्मवरच्या पोकळीवर बोट ठेवलं. "तलावाचं तुडुम बुजलं," ती हळूच म्हणाली, "मंजे पाणी सोडाची मोरी बुजली, का पाणी पाळीत घुसते अन् पाळ आतून पोखरते. वरून काई दिसत नाई. तसंच ना, डॉक्टर?"

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत. आपण ती मोरी मोकळी करू."

ऑपरेशनची तारीख मंडईनंतरची मिळाली. गाडीत भूपेश म्हणाला, "मंडईले आपण गावात राह्यलोच नाई पायजे. तुह्या माहेरी जाऊ."

"काऊन? चोरी केली का मी?" गोकुळा म्हणाली. "पाळीवर जमलेल्या लोकाईच्या हातानं मी देवी झाली. त्याईच्याच समोर उतरीन."

मंडईच्या दिवशी दुपारी पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दंडारीची ढोलकी थांबवून लटारूने मायक्रोफोन घेतला. चूल पेटली होती, कढई चढली होती. गोकुळा आली ती रोजच्या मासे विकायच्या पातळात, केस बांधून. ती पाटावर बसली नाही, उभीच राहिली.

"लच्छूभाऊ," तिने मासेमार सोसायटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना हाक मारली, "दोन बादल्या आणा. एकीत चुलीवरचं गरम पाणी मिसळा, तुमच्या हाताले सोसन नाई इतकं. दुसरीत तलावाचं. अन् माहे डोये बांधा."

लटारू क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला. "पाहा, भाऊ, माय आज जलपरीक्षा देऊन राह्यली. अग्नी बी मायचा, जल बी मायचा."

लच्छूभाऊंनी दुपट्ट्याने तिचे डोळे बांधले आणि तिचा हात गरम बादलीत घातला.

"थंड," गोकुळा म्हणाली.

मग दुसऱ्या बादलीत.

"थंड."

गर्दीत खसखस पिकली. लटारू म्हणाला, "मायले सारखंच. संतमहात्म्याईले सुखदुःख सारखंच राह्यते."

"आता पाय," गोकुळा म्हणाली. लच्छूभाऊंनी गरम बादली तिच्या पायाशी सरकवली. तिने पाय टेकवला आणि सर्रकन मागे घेतला. "पोळलं. दुसरी द्या. ही थंड. परत द्या. ही गरम. परत गरमच. आता थंड." पाच वेळा पाय घातला, पाचही वेळा बरोबर.

तिने डोळ्यांवरचा दुपट्टा काढला.

"माह्या हाताले ऊन कयत नाई, पायाले कयते. महाराज, तुमी सांगा. देवी पायात काऊन उतरत नाई? तिले खांद्यापाशीच कोणं अडवलं?"

लटारूने मायक्रोफोन तोंडाशी नेला. मग तसाच खाली घेतला.

"नाई सांगता येत, तर मी सांगते. माह्या मानेतल्या दोरीत पाणी भरलं हाय. तिथून हाताले जाणारे तार तुटले. हा महारोग नाई, कोणाले लागत नाई, अन् देवीही नाई." तिने फडका सोडला आणि दोन्ही पंजे वर धरले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. "हे फोड पाहा. दर मंगळवारी येत. अन् हे पाहा." तिने पिशवीतून मलमाच्या सात रिकाम्या नळ्या काढून पाटावर ओतल्या. "महाराज आरमोरीच्या मेडिकलमधून आणून देत. आगीच्या देवीले जळल्याचं मलम कायले लागते?"

आता लोक हसत नव्हते. मागून कोणीतरी म्हणालं, "महाराज, बोला ना."

लटारू बोलला. धंद्याचा माणूस, शेवटचा डाव त्याच्याकडे होता. "दवाखान्यात जाऊन आली, विटाळली. देवी कोपली अन् निंगून गेली. कुठी गेली? लेकीत गेली. त्या पोरीच्या पाठीवर मायची खूण हाय, जाऊन पाहा. आणा तिले इथी."

दोन बाया खरंच रिंकूकडे वळल्या. रिंकू आजीच्या कडेवर होती.

गोकुळा पुढे आली नाही, की ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "ती खूण माह्या हातानं झाली. पोरगी दोन दिवस पालथी झोपली, अन् रडली. तिले दुखते. मले त्या दुखण्याचा आनंद हाय. जिले दुखते ते हात मांगं घेते. मले दुखलं असतं तर मी एकही वडा काढला नसता."

रिंकूला कडेवर तशीच घेऊन सुगंधाबाई चुलीपाशी आली. दोन महिने देवीची सासू म्हणून तिला मान मिळाला होता. तिने तलावाच्या पाण्याची बादली उचलली आणि चुलीत ओतली. धुराचा लोट उठला, लाकडं चर्र करून विझली. मग ती लटारूला म्हणाली, "महाराज, आमची कढई आमी घेऊन जातो. तुमी आता जा."

लच्छूभाऊंनी मायक्रोफोन त्याच्या हातातून काढून घेतला. मारझोड झाली नाही, कारण कोणी हात उचलायचा नाही असं डॉक्टर रुपालींनी सोसायटीच्या लोकांना आधीच बजावलं होतं. लटारू एसटीने गेला. तो पुढे कुठे गेला ते मला ठाऊक नाही. त्याने धंदा सोडला असेल असं मला वाटत नाही.

डिसेंबरात गोकुळाचं ऑपरेशन झालं. मानेमागचं थोडं हाड काढून पाण्याची वाट मोकळी केली. डोकेदुखी गेली. वाढणारा रोग थांबला. पण तुटलेल्या तारा जुळल्या नाहीत, आणि डॉक्टरांनी तसं वचनही दिलं नव्हतं. तिच्या हातांना आजही ऊन कळत नाही. ती चुलीपाशी कापडाचे जाड मोजे घालते, पाणी पायाने पाहते, आणि संध्याकाळी रिंकू तिचे पंजे तपासून कुठे नवी जखम नाही ना ते बघते. आरमोरीच्या बाजारात ती पुन्हा मासे विकते. वजन भूपेश करतो. "इथीच देवी बसत होती का?" असं कोणी विचारलं तर ती म्हणते, "होय, मीच होती. कोणती मासोळी देऊ?"

कोणी म्हणेल, कुमरे, तुमच्या सायन्सने तरी तिला पूर्ण बरं कुठे केलं? नाही केलं. सायन्सने जेवढं जमतं तेवढं सांगितलं आणि तेवढंच केलं. लटारूने सगळंच करतो म्हणून सांगितलं आणि तिचे हात तळले.

मला जे म्हणायचं आहे ते मी कोणाची भीड न ठेवता म्हणतो. एखाद्याच्या अंगात नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी, आणि माझ्यासारखं रोगाचं नाव ठोकून द्यायच्याही आधी, त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, बाई, तुला काय होतंय? चारशे माणसांनी गोकुळाकडे नोकरी मागितली, मूल मागितलं, खटल्याचा निकाल मागितला. तिच्या हाताला काय झालंय, हे एकानेही विचारलं नव्हतं.